पंधराव्या स्थानाचे निष्ठावंत

हरणाऱ्या संघाचे आजन्म चाहते होण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी सर्वप्रथम एखादा जिंकणारा संघ निवडावा. हा सल्ला उफराटा वाटेल. परंतु मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघावर जीव ओवाळून टाकणारे जे चाळिशीच्या आसपासचे गृहस्थ आज ठाण्यात आढळतात, त्यांच्यापैकी एकानेही पराभवाच्या ओढीने हा संघ पत्करलेला नाही. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनाच्या मैदानावर, युरोपातल्या क्लबांच्या अव्वल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बायर्न म्युनिक एका गोलने पुढे असताना, नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी लागोपाठ दोन गोल केले आणि युनायटेडने त्या हंगामातला तिसरा मोठा करंडक उचलला. त्यानंतर नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंतच्या कित्येक मुलांना आपण पूर्वजन्मीचे मँचेस्टरकर असल्याचा साक्षात्कार झाला. त्याच आठवड्यात त्याच शहरातला दुसरा संघ, मँचेस्टर सिटी, इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठी जिलिंगहॅमशी झुंजत होता. पडत्या काळात साथ देण्याचीच हौस असती, तर याहून चांगली संधी शोधून सापडली नसती. ती कोणी साधली नाही, ही गोष्ट आपण सोयीने विसरावी आणि प्रतिस्पर्धी लिव्हरपूल संघाचा जो चाहता ती आठवण करून देईल, त्याच्याशी दोन दिवस अबोला धरावा.

संघ निवडून झाल्यावर फक्त वाट पाहायची असते. सर ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान त्यांनी तेरा वेळा लीग, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीची साखळी स्पर्धा, जिंकून दिली आणि क्लबची एकूण विजेतेपदे वीसवर नेली. ही वर्षे निष्ठेच्या दृष्टीने वाया गेली असे समजावे. जिंकणाऱ्या संघावर कोणीही प्रेम करतो, त्यात आपले कर्तृत्व ते काय? खरी साधना २०१३ नंतर सुरू होते, आणि त्यानंतर लीगचे विजेतेपद पुन्हा न मिळाल्यामुळे ती अद्याप भंग पावलेली नाही.

या साधनेत व्यवस्थापक पुष्कळ येतात आणि जातात. त्यांच्या नावांशी भावनिक जवळीक करू नये. डेव्हिड मॉईस यांच्या स्वागतासाठी ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर ‘हाच तो निवडलेला’ अशा अर्थाचा भला मोठा फलक झळकला होता. हंगाम संपण्याआधीच मैदानावरून एक विमान ‘चुकीचा निवडला’ असे सांगणारा दुसरा फलक घेऊन गेले. लुई व्हान गाल यांनी २०१६ मध्ये एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली आणि दोनच दिवसांत त्यांना नारळ मिळाला. एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यांच्यानंतर आलेल्या रुबेन अमोरिम यांनी जानेवारी २०२५ मध्ये ब्रायटनकडून हरल्यावर, क्लबच्या इतिहासातला हा कदाचित सर्वांत वाईट संघ असेल, असे स्वतःच जाहीर करून टाकले. एवढा स्पष्टवक्तेपणा आपल्याला परवडणारा नाही. आपण तीन वाक्ये तयार ठेवावीत आणि ती आलटूनपालटून वापरावीत: नव्या माणसाला वेळ दिला पाहिजे, हे खेळाडू त्याने निवडलेले नाहीत, मूळ दोष मालकांचा आहे.

यांपैकी तिसरे वाक्य दुर्दैवाने खरे असल्यामुळे ते जपून वापरावे. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर ठेवला. मँचेस्टरमधले काही चाहते तेव्हा इतके संतापले की त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डकडे पाठ फिरवून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि खालच्या श्रेणीतल्या ओल्या मैदानांवर जाऊन तो पाहू लागले. ठाण्यात मात्र त्या काळात या कर्जाविषयी अवाक्षरही ऐकू आले नाही. कारण त्याच मालकांच्या राज्यात २००७ ते २०१३ या काळात पाच वेळा लीग जिंकून झाली होती, आणि विजेत्या संघाचा ताळेबंद वाचत बसणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. मालक वाईट असल्याचा शोध आपल्याला संघ सातव्या क्रमांकावर घसरल्यानंतर लागला. उशिरा का होईना, लागला.

२०२४-२५ चा हंगाम प्रत्येक निष्ठावंताने तोंडपाठ केला पाहिजे. अडतीस सामन्यांत अठरा पराभव, बेचाळीस गुण, पंधरावे स्थान. १९७३-७४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतर इतकी वाईट अवस्था कधी झाली नव्हती. त्यातच युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर आला तो टॉटनहॅम, म्हणजे लीगमध्ये सतराव्या स्थानावर राहिलेला आणि तरीही त्या हंगामात युनायटेडला आधीच तीनदा हरवून बसलेला संघ. सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला, पूर्वार्ध संपता संपता टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने एक गोल केला आणि उरलेला वेळ आपण दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून, घरातल्यांची झोप न मोडता, मूक आक्रोश करण्यात घालवला. अशा रात्रीनंतर सकाळची धीमी लोकल पकडताना चेहऱ्यावर दुखवट्याचे भाव ठेवू नयेत. लोक सहानुभूतीने चौकशी करतात, कारण सांगावे लागते, आणि कारण कळल्यावर ती सहानुभूती ज्या वेगाने ओसरते तो पाहवत नाही.

तथापि निष्ठेची सत्त्वपरीक्षा कशी असते, हे समजून घ्यायचे असेल तर २७ ऑगस्ट २०२५ ची रात्र आठवावी. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. घरात दीड दिवसाचा गणपती, हॉलमध्ये मखर, आणि जागेअभावी मखराच्या शेजारीच दूरदर्शन संच, ही रचना ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या सदनिकांत सर्वमान्य आहे. रात्री समई तेवत राहावी म्हणून कोणीतरी जागे राहावे लागते. एरवी आरतीच्या वेळी टाळ शोधण्याचे निमित्त करून आतल्या खोलीत जाणारे आपण, त्या रात्री हे काम स्वतःहून अंगावर घ्यावे. आईचे डोळे भरून येतील, पत्नी मात्र काही न बोलता आपल्याकडे बघेल. साडेबारा वाजता, मोदकाचे ताट एका बाजूला आणि तेलाची बुधली दुसऱ्या बाजूला ठेवून, चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाऊनविरुद्धचा लीग कपचा सामना लावावा. मध्यंतरापर्यंत ग्रिम्सबी दोन गोलने पुढे जातो. उत्तरार्धात त्यातला एक गोल फिटतो आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला युनायटेडचा मग्वायर बरोबरी साधून देतो, तेव्हा वात सारण्याच्या निमित्ताने उठून देवाला हात जोडून घ्यावेत. मग निकाल लावण्यासाठी पेनल्टी सुरू होतात आणि त्या संपत नाहीत. दोन्ही संघांतले एकूण एक खेळाडू, गोलरक्षकांसह, फटके मारून परत रांगेत येतात. इकडे समईतले तेल कमी झालेले असते आणि ते घालायला उठलो तर गोल चुकेल, या खात्रीने आपण जागचे हलत नाही. शेवटी युनायटेडच्या ब्रायन म्बेउमोचा फटका आडव्या दांडीवर आदळतो आणि ग्रिम्सबी १२-११ असा जिंकतो. तीन वाजत आलेले असतात. विघ्नहर्त्यासमोर बसून साकडे घालणारा त्या वेळी सबंध इमारतीत आपल्याशिवाय दुसरा कोणी नव्हता, ग्रिम्सबीच्या बाजूने तर नव्हताच नव्हता, हे लक्षात घेता निकालाबद्दल देवाला दोष देण्यास थोडी जागा आहे; परंतु दुसऱ्या दिवशी विसर्जन असते आणि अशा प्रसंगी कटुता बरी नव्हे.

नवस बोलण्याविषयी विचारणा होते, म्हणून दोन शब्द. एका इंग्रज चाहत्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये, युनायटेड सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही, अशी प्रतिज्ञा केली आणि महिन्यांमागून महिने त्याचे केस वाढतच राहिले. आपल्याकडे शेंडीला गाठ न मारण्याची प्रतिज्ञा चाणक्याने केली होती. पण त्याला समोरचा नंद संपवायचा होता, आणि ते काम तुलनेने सोपे होते. नवस बोलायचाच असेल तर ज्यात स्वतःचा फायदा आहे असा बोलावा, उदाहरणार्थ, संघ पहिल्या चारांत येईपर्यंत नवी जर्सी घेणार नाही. पैसे वाचतील.

संघाच्या मैदानाविषयी मात्र ठाणेकरांना जी आत्मीयता वाटते, ती लंडनच्या माणसाला वाटणे कठीण आहे. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी मुसळधार पाऊस झाला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरून पाण्याची धार प्रेक्षागृहात कोसळली. तीसेक वर्षे जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहिलेल्या माणसाला हे दृश्य पाहून परकेपणा कसा वाटेल? टेरेसचे वॉटरप्रूफिंग दरवर्षी होते आणि दरवर्षी वरच्या मजल्यावरचा सभासद बादली लावतो. मालकांनी इतकी वर्षे डागडुजीवर पैसे का घातले नाहीत, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारला की पुनर्विकासाचा विषय निघतो. मार्च २०२५ मध्ये तेही झाले. एक लाख आसनांचे नवे मैदान बांधण्याचा मानस क्लबने जाहीर केला आणि वर प्रचंड छत्रीसारखे आच्छादन असलेली देखणी चित्रे प्रसिद्ध झाली. घोडबंदर रोडवरच्या फलकांवर अशी चित्रे पाहून ज्यांनी मुलांच्या खोलीचा रंगही ठरवून टाकला होता आणि जे आजही भाड्याच्या घरात ताब्याची वाट पाहत आहेत, त्यांनी युनायटेडच्या तरुण चाहत्यांना या टप्प्यावर मार्गदर्शन करावे. छत्रीचे चित्र हा पुनर्विकासाचा सर्वांत सुखाचा काळ असतो.

आता एका गंभीर धोक्याची सूचना. निष्ठा टिकवायची असेल तर संघ आणि आपण यांच्यात पुरेसे अंतर हवे. सात-साडेसात हजार किलोमीटर असल्यास उत्तम. अडचण अशी की फुटबॉल ठाण्याच्या आसपासही खेळला जातो. ट्रान्स हार्बरची गाडी पकडली तर नेरूळ अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथल्या डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई सिटी एफसीने २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) आपला घरच्या मैदानावरचा पहिला सामना पुण्याविरुद्ध ५-० असा जिंकला होता. सुदैवाने २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाने या क्लबचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि आपल्याला एक तात्त्विक सबब मिळाली: शत्रूच्या घरी जेवायला कसे जावे? मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग आणि करंडक दोन्ही जिंकले, तरी ही सबब डगमगली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल नेरूळला खेळायला आला, तेव्हा मात्र आपण थोडे विचलित झालो होतो, तेही त्यांच्या ब्राझिलियन खेळाडू नेमारसाठी. तो जखमी असल्याने आलाच नाही आणि आपले पातिव्रत्य बालंबाल वाचले.

भारतीय संघाच्या बाबतीत सबब शोधणे अधिक अवघड जाते, कारण हरण्याच्या निकषावर तो कोठेच कमी पडत नाही. २०२४ या संपूर्ण वर्षात त्याने एकही सामना जिंकला नाही. त्या वर्षीच्या आशियाई चषकात तीन सामने खेळून एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरला. आणि पुढच्या वर्षी मडगावात सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशियाई चषकाची दारेही बंद करून घेतली. पराभूतांवर प्रेम करण्याचे व्रत घेतलेल्या माणसाला याहून योग्य दैवत कोणते? जून २०१८ मध्ये हा संघ अंधेरीत खेळत होता. चायनीज तैपेईविरुद्धचा ५-० असा विजय पाहायला फक्त २,५६९ लोक आले, तेव्हा कर्णधार सुनील छेत्री याने हात जोडून चित्रफीत प्रसिद्ध केली. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांना त्याने मुद्दाम उद्देशून सांगितले की आमचा दर्जा त्यांच्या जवळपासही नाही हे मान्य आहे, शिव्या द्यायच्या तर मैदानात येऊन द्या, पण या. तो आपल्याशीच बोलत होता, हे उघड आहे. ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने आझाद नगर, इतकेच जायचे होते. दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याला मैदान भरले, भर पावसात छेत्रीने आपल्या शंभराव्या सामन्यात दोन गोल केले आणि कित्येक युनायटेड-निष्ठांनी ती चित्रफीत डोळे पुसत एकमेकांना पाठवली. पाठवून झाल्यावर त्यांचे कर्तव्य संपले, ते योग्यच झाले. आपल्या उपस्थितीने ज्या संघाला खरोखर फरक पडेल, त्या संघाची जबाबदारी अंगावर घेणे हे संसारी माणसाचे काम नव्हे.

तेव्हा असा एखादा सामना पुन्हा नेरूळला लागला आणि कोणी उत्साही मित्र जास्तीचे तिकीट घेऊन दारात आलाच, तर त्याला तोडून बोलू नये. घरात बोलवावे, चहा द्यावा, मैदानावर गर्दी किती असेल, परतीची गाडी कितीची आहे, नेरूळ स्थानकावरून मैदानापर्यंत रिक्षावाला येतो की नाही, याची सविस्तर चौकशी करावी आणि मग खेदपूर्वक सांगावे की दहाच्या आत ठाण्याला पोहोचणे जमणार नसेल तर येता येणार नाही. कारण दहाला युनायटेडचा ब्रेंटफर्डशी सामना आहे, आणि नेमके आपण सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात नसलो तर त्यांनी कोणाच्या भरवशावर खेळायचे?