फोन वापरता येतो म्हणजे टेलिमेडिसिन येतं?

आज आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मीटिंगमध्ये टेलिमेडिसिनचं, म्हणजे पेशंटला दुरून फोन-व्हिडिओवरून तपासण्याचं, प्रॅक्टिकल टाइमटेबलमधून उडालं. कारण काय, तर "मुलं दिवसभर मोबाईलवरच असतात, व्हिडिओ कॉल कसा करायचा हे आता आपण शिकवायचं का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. घरी येऊनही डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

गाडी चालवता येते म्हणून कुणालाही अँब्युलन्समध्ये पेशंटजवळ बसवाल का?

नर्सिंगच्या मुलामुलींना विचारा, टेलिमेडिसिन म्हणजे काय. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: डॉक्टरांना व्हिडिओ कॉल. त्यात नर्स कुठेच नाही! फार तर टॅबलेट धरून उभी. मग स्टँडच आणा ना, स्वस्त पडेल.

आमची थर्ड इयरची एक मुलगी आठवते. डिस्चार्ज झालेल्या पेशंटना फॉलोअपचे व्हिडिओ कॉल करायची तिची ड्युटी होती. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट दम लागणाऱ्या आजाराच्या, एक आजी. "बरी आहे गं मी," म्हणाल्या. ऑक्सिमीटरवर ९५. फॉर्मवर बरोबरची खूण करून पुढचा नंबर लावता आला असता. पण ही म्हणाली, "आजी, सकाळपासून काय काय केलंत ते सांगा बरं." आजी सांगायला लागल्या आणि दर दोन-तीन शब्दांनी थांबायला लागल्या.

हे ऐकायला तिला मोबाईलने शिकवलं? ९५ हा आकडा कुणीही वाचेल. पण बोटं गार असतील, गडद नेलपॉलिश असेल तर तो आकडाही फसवतो. बीपीच्या मशीनचा लहान पट्टा जाड दंडावर बांधला की बीपी उगाच जास्त येतं. घरी पेशंट बीपी कसं घेतोय, हात कुठे ठेवलाय, घेताना बडबडतोय का, हे कॅमेऱ्यातून कोण बघणार? डॉक्टर? त्यांच्याकडे तेवढा वेळ असतो का, तुम्हीच सांगा.

मान्य, नेटवर्क दगा देतं आणि अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय. असेल.

आणि मुलंही काही कमी नाहीत हं! पेशंटच्या जखमेचा फोटो स्वतःच्या फोनवर घेतात, "केस बघ" म्हणून मैत्रिणीला पाठवतात. परवानगी विचारायची असते हेच माहीत नाही. खोलीत आणखी कोण बसलंय हेही विचारत नाहीत. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला पाळीबद्दल विचारलं तर ती खरं सांगणार आहे का? अशा वेळी नुसतं हो-नाही म्हणून भागेल असे प्रश्न विचारायचे असतात. पण ते आम्ही शिकवलंय कुठे, म्हणून त्यांच्यावर तरी किती चिडणार.

परवा एकाने विचारलं, "मॅडम, हात न लावता कळणार कसं?" इतका बरा प्रश्न! काही गोष्टी नाहीच कळत. जखमेचा वास येत नाही. पायाची सूज बघायची तर पेशंटच्याच अंगठ्याने नडगीवर दाबायला सांगायचं आणि खड्डा राहतो का ते बघायचं. जिथे तेही पुरत नाही तिथे कॉल थांबवून "आत्ताच्या आत्ता या" म्हणायचं. कधी म्हणायचं, हेच शिकायचं असतं.

त्या मुलीने तेच केलं. फोन जरा खाली धरायला लावून मानेचे स्नायू ओढले जाताहेत का ते पाहिलं. आजींना न सांगता पूर्ण मिनिट श्वास मोजले, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. ३२, म्हणजे फारच जास्त. मग डॉक्टरांना मोजक्या वाक्यांत: आत्ता काय होतंय, आधीचा आजार काय, मला काय दिसलं, काय करायला हवं. आजींना लगेच बोलावून घेतलं.

१९६८ मध्ये बॉस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला टीव्हीने जोडला होता. डॉक्टर तिकडे पडद्यासमोर, इकडे पेशंटजवळ नर्स. म्हणजे हे काम पहिल्यापासून आपलंच आहे, आणि आपणच म्हणतोय की त्यात शिकवण्यासारखं काही नाही!

असो. टाइमटेबलमध्ये जागा नाही ना? शनिवारी कॉलेज सुटल्यावर घेते. दोघं पाठीला पाठ लावून बसतील, एक पेशंट, एक नर्स, मध्ये फक्त आवाज. माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन या. फोन दारातच जमा करून घेणार आहे.