चार पिना आणि एकवीस किलोमीटर

मॅरेथॉनमध्ये छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाला धावणारी मंडळी ‘बिब’ म्हणतात. बिब म्हणजे इंग्रजीत लाळेरं. हा शब्द किती चपखल आहे, ते मला पेडर रोडच्या चढावर कळलं.

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, शर्यतीआधी बिब वाटायला भरलेल्या एक्स्पोत रांग लावून, आधार कार्ड दाखवून मी तो आणला होता. बरोबर मिळालेल्या चार सेफ्टी पिना मात्र आदल्या रात्री दहा वाजता गायब झाल्या. पिशवीत स्प्रे होता, कुपनं होती, प्रोटीनची पुडी होती, पिना नव्हत्या. शेवटी बायकोनं बांगडीतल्या दोन, मंगळसूत्रातली एक आणि पर्सच्या तळातून एक काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“मोजून चार देतेय. मोजून चार परत हव्यात.”

सोनं गहाण ठेवतानाही आमच्या घरात इतकी गंभीर चर्चा झाली नव्हती.

मुळात या फंदात मी पडलो तो सागरी सेतूपायी. २००९ साली वांद्रे-वरळी सेतू सुरू झाला, तेव्हापासून मला त्याच्यावरून पायी जायचं होतं. पण तिथे चालणाऱ्याला बंदी, सायकलला बंदी, रिक्षाला बंदी, स्कूटरला बंदी. थोडक्यात, बोरिवलीत राहून मला जे जे परवडतं, त्या सगळ्याला बंदी. फक्त जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी, तो पायांना मोकळा. आई म्हणाली, “पैसे भरून पळायचं? आणि पळून जायचं कुठे, तर ऑफिसच्या दिशेला? तेही रविवारी?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पहाटेच्या जादा लोकलनं माहीमला उतरलो. हाफवाल्यांची, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनवाल्यांची, सुरुवात रेतीबंदरापासून. धुकं, अंधार, कानठळ्या बसवणारी गाणी, त्यात खाडीचा तो ओळखीचा वास आणि हजारो माणसं एकाच वेळी स्वच्छतागृहाच्या रांगेत. त्या रांगेत मी जेवढं वॉर्म-अप केलं, तेवढं तीन महिन्यांच्या सरावात केलं नसेल.

इथे ‘बस’ नावाची एक सोय असते. हातात वेळेचा झेंडा घेतलेला पेसर ठरलेल्या गतीनं धावतो आणि त्याच्यामागे माणसांचा जथा. मी अडीच तासांची बस धरली. पहिले तीन किलोमीटर खिडकीजवळची जागा मिळाल्यासारखा खुशीत होतो.

आणि मग सेतू आला. अंधार होता. म्हणजे असा अंधार, की समुद्र उजवीकडे आहे हे केवळ भूगोल शिकल्यामुळे समजावं. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि मी सेतूवर साडेपाचला. इतकी वर्षं ज्या दृश्याची वाट पाहिली, ते महानगरपालिकेच्या कुठल्याही रस्त्यावर रात्री दिसतं तसंच होतं: दिव्याचे खांब आणि पुढच्या माणसाची पाठ. तरी मी थांबून सेल्फी काढला. फोटोत मी आहे आणि मागे काळं आहे. कुठल्याही भुयारातला म्हणून खपेल.

सेल्फी काढून होईस्तोवर बस शंभर मीटर पुढे. आयुष्यभर बेस्टच्या बसमागे धावलो, त्या निदान सिग्नलला तरी थांबायच्या. कशीबशी वरळीला गाठली. हाजी अलीपर्यंत तिच्या टपावर लोंबकळल्यासारखा टिकलो.

हाजी अली संपली की पेडर रोड. टॅक्सीतून जाताना या रस्त्याला चढ आहे हे कधी जाणवलंही नव्हतं. मीटर चढतो तेवढाच काय तो. पायी मात्र तो चढ आधी पोटऱ्यांना भेटतो, मग गुडघ्यांना, मग सरळ पूर्वजांना. दोन्ही बाजूंना माणसं उभी. कुणी संत्र्याच्या फोडी देतंय, कुणी चिक्की, कुणी मीठ लावलेली काकडी. एक पोरगं खणखणीत आवाजात “अंकल, फिनिश लाइन पास में है!” म्हणून धादांत खोटं बोलत होतं. सात-आठ किलोमीटर बाकी होते.

नेमकी तिथेच वरची डावी पिन उघडली. पर्सच्या तळातली असणार, तिच्याविषयी मला आधीपासूनच संशय होता. तिनं पावलागणिक टोचायला सुरुवात केली. मी कळवळलो, तर लोकांना वाटलं जोर लावतोय. त्यांनी टाळ्या वाढवल्या. पिन काढायला गेलो तर वाकलेली, बिब एका कोपऱ्यातून लोंबायला लागला आणि घामेजल्या बोटांना काही म्हणता काही धरवेना.

“ऊभो रहे, दीकरा.”

फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या एका आजींनी चिक्कीचं ताट सुनेकडे दिलं, माझी बनियनवजा जर्सी मुठीत धरली आणि वाकडी पिन बघून “च् च्” केलं. ती त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, स्वतःच्या पदराची पिन काढून मला लावली, वर ओढून बघितलं, कॉलर नीट केली. शाळेच्या पहिल्या दिवशी रुमाल लावतात, अगदी तसं. मग हातावर चिक्की ठेवून पाठीवर थाप. या समारंभात अडीच तासांची बस केम्प्स कॉर्नरचा पूल उतरून दिसेनाशी झाली.

मरीन ड्राइव्हला अखेर उजाडलं, समुद्र दिसला, आणि समोरून पूर्ण मॅरेथॉनचे आफ्रिकी धावपटू आले. किलोमीटरला तीन मिनिटं. पायांचा आवाजसुद्धा नाही. २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीनं याच शहरात ४२.१९५ किलोमीटर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत संपवले. मी त्याच्या अर्ध्यात २ तास ५८ मिनिटं घेतली. अर्थात त्याला वाटेत कुणी पिन लावून देत बसलं नसणार.

एकवीस किलोमीटर संपल्यावरही उरणाऱ्या शेवटच्या ९७ मीटरांबद्दल माझी तक्रार आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत ठेवली, म्हणून ४२च्या पुढे १९५ मीटरांचं शेपूट लागलं. त्याचा निम्मा वाटा एकशेपंधराहून जास्त वर्षांनी माझ्या गुडघ्यांनी भरला, तोही एके काळी व्हिक्टोरियाचं नाव असलेल्या स्टेशनाजवळ. इंग्रज गेले म्हणतात.

घरी आलो. आईनं “कितवा आलास?” विचारलं. मी खरा आकडा सांगितला, तर तिला तो पिनकोड वाटला. मेडल लेकीनं खुंटीला अडकवलं. मी सोफ्यावर आडवा, पाय भिंतीला लावून. बायकोनं जर्सीवरून एकेक पिन काढून तळहातावर मांडली. दोन बांगडीतल्या. एक मंगळसूत्रातली. चौथी तिनं उजेडात धरली. हिरव्या खड्यांचा छोटासा मोर होता तिच्यावर.

“अहो,” ती म्हणाली, “चार बरोबर आहेत. पण ही कुणाची?”