गाडीच्या नाकापुढचा माणूस

मागच्या महिन्यात सीट कव्हर घ्यायला घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने आपुलकीने सुचवले, "साहेब, पुढे बुलगार्ड बसवून घ्या, कोणी आडवं आलं तरी गाडीला ओरखडा येणार नाही." बुलगार्ड म्हणजे बंपरपुढे बसवायची लोखंडी नळ्यांची चौकट. आडव्या येणाऱ्याचे काय होईल, हा प्रश्न त्याला पडला नसावा, खरे तर दहा वर्षांपूर्वी मलाही पडला नसता.

नव्या गाड्यांचा पत्रा पापडासारखा असतो, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण बॉनेट दबावे म्हणूनच तसे घडवलेले असते. पायी चालणाऱ्याला धडक बसते तेव्हा बंपर आधी पायावर आदळतो, मग अंग बॉनेटवर फेकले जाते आणि डोके बॉनेटवर किंवा काचेच्या खालच्या कडेवर आपटते. पत्रा कितीही मऊ असला आणि त्याच्याखाली बोटभर अंतरावर इंजिन असले, तर ते डोके अखेर इंजिनावरच आदळणार. म्हणून दोन्हींमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते, आणि गाड्यांची नाके पूर्वीपेक्षा उंच व बोथट होण्यामागे हेही एक कारण आहे. जिथे तेवढी जागा मिळत नाही, तिथे काही महागड्या गाड्यांत धडक जाणवताच बॉनेटची मागची बाजू आपोआप वर उचलली जाते. बंपरमागे फोम असतो आणि खाली आणखी एक आडवी पट्टी असते, जेणेकरून पाय गुडघ्यात न मुडपता सरळ ढकलला जावा.

पादचाऱ्याला कमी इजा व्हावी असे गाडीचे नाक घडवण्याचे नियम युरोपात २००५ पासून टप्प्याटप्प्याने आले. आपल्याकडे एआयएस-१०० हे पादचारी सुरक्षेचे मानक नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाले. चाचणीत साडेतीन किलोचे लहान मुलाचे आणि साडेचार किलोचे प्रौढाचे कृत्रिम डोके ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर आदळवतात.

एवढा खटाटोप करून मऊ केलेल्या नाकापुढे आपण हौसेने लोखंडी नळ्या ठोकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले होते. तरीही ते उघड विकले जातात.

नियमाचीही एक उणीव मला खटकते. तो धडक किती जोराची बसते ते मोजतो, पण चालकाला पुढचे किती दिसते ते त्याच्या कक्षेत येत नाही. त्यात उंच नाक धडकेतही जास्त घातक. अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ते सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, सुमारे एक मीटरहून उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, पाऊण मीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. पहिलीतल्या मुलाची उंची या मीटरभर बॉनेटपेक्षा वीतभरच जास्त. सकाळी आमच्या फाटकाशी स्कूलबससाठी धावणारी मुले मी रोज पाहतो, आणि दोन एसयूव्हींच्या मधून निघालेले मूल चालकाला दिसते ते फक्त केसांच्या शेंड्यापुरते.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत आवारातल्या गाड्यांचे गार्ड काढण्याचा विषय मांडायचे मी ठरवले आहे. तो कितपत टिकेल सांगता येत नाही, कारण सर्वांत दणकट गार्ड आमच्या सचिवांच्याच गाडीला आहे.