‘एकाच खिडकीत सगळं’: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

अनेक डेटाबेस आणि ग्रंथालयांचे कॅटलॉग एकाच खिडकीतून शोधून देणाऱ्या आमच्या सेवेवरचा आपला रिव्ह्यू वाचला. दोन तारे दिलेत, ते राहू द्या. पण तक्रारींना उत्तर द्यायला हवं. शोध रेंगाळतो, एकच पुस्तक तीनदा दिसतं, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर थेट गेलं तर हजारो लेख आणि आमच्याकडे पन्नासच, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा जुना लेख सापडलाच नाही, शेजारच्या मुलाला पूर्ण लेख उघडून मिळाला, आपल्याला नाही. वर ‘यापेक्षा गूगल स्कॉलर फुकट बरं’ हा टोला, आणि फी परत करण्याची मागणी. नागपुरात बर्डीवर आमच्या अभ्यासिकेत येणारे पीजी आणि पीएचडीवालेही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो जुना लेख. शुक्ला आणि सोळंकी यांचा, मध्य भारतातल्या सिकल सेल ट्रेटवरचा (म्हणजे या आजाराचे वाहक असण्यावरचा), लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आलेला. विदर्भात सिकल सेलवर काम करणाऱ्याला तो लागतोच. आपण काउंटरवर दिलेल्या चिठ्ठीवरचाच शोध मी पुन्हा चालवून बघितला, लेख येतो. फक्त डाव्या बाजूच्या ‘गोषवारा असलेलेच दाखवा’ या चौकोनात खूण केली की गायब होतो. त्या काळच्या बहुतेक लेखांच्या नोंदीत शीर्षक, लेखक, अंक, पान एवढंच असतं, गोषवारा कुठून येणार? ही खूण आपोआप लागत नाही. जुनं साहित्य शोधताना ती काढून टाकायची, आणि हे पबमेडवर थेट शोधतानाही तितकंच लागू आहे.

आता शोध का रेंगाळतो ते. या खिडकीमागे आमचा स्वतःचा साठा काहीच नाही. आपण शब्द टाकलात की तो त्याच क्षणी पबमेड, डीओएजे (खुल्या नियतकालिकांची सूची), क्रॉसरेफ (संशोधन लेखांच्या नोंदी), अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कॅटलॉग आणि आम्हाला परवानगी दिलेल्या काही कॉलेजांचे, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे कॅटलॉग, या सगळ्यांकडे एकदम जातो. उत्तरं येतील तशी पडद्यावर लागतात. एखाद्या कॉलेजचा सर्व्हर दुपारी झोपलेला असला तर त्याच्यासाठी आम्ही बाकीच्यांना अडवून ठेवत नाही. पंगतीत शेवटच्या पानावर वरण पडेपर्यंत सगळ्यांनी हात आवरून बसायचं, तसं इथे नाही. वर ‘काही संग्रहांचं उत्तर यायचं आहे’ अशी पिवळी पट्टी दिसते, तेव्हा आलेले निकाल वाचायला सुरुवात करावी.

दुसरी पद्धत आहे, तीही सांगतो. प्रकाशकांकडून आणि ग्रंथालयांकडून नोंदी आधीच गोळा करून त्यांची एकच मोठी सूची बनवायची आणि शोध त्या सूचीत घ्यायचा. २००९ मध्ये आलेलं समन हे त्यातलं गाजलेलं नाव. उत्तर झटक्यात येतं आणि सगळे निकाल एकाच मापाने क्रमाला लागतात. मोठी विद्यापीठं अशी प्रणाली घेतात. दोन खोल्यांच्या अभ्यासिकेच्या खिशाला ती झेपणारी नाही. शिवाय थेट विचारण्याचा एक फायदा मला मोठा वाटतो: कॉलेजने सकाळी नोंदवलेलं पुस्तक आमच्याकडे दुपारी दिसतं.

कॅटलॉगांशी बोलायची भाषा जुनी आहे, झेड ३९.५०. तिची पहिली आवृत्ती १९८८ ची. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या शोधाला आकडा असतो: शीर्षकाला ४, विषयाला २१, लेखकाला १००३. आपण ‘विषय’ निवडून शोधलंत की आमच्याकडून २१ जातो. काही सर्व्हर २१ ओळखतच नाहीत. त्यातला एखादा सरळ ‘जमत नाही’ म्हणतो, तो परवडला. दुसरा मुकाट्याने तो शब्द नोंदीत कुठेही सापडला तरी चालेल असं धरतो आणि भलतीच पुस्तकं पाठवतो. म्हणून कॅटलॉगात शोधताना विषयाऐवजी शीर्षकातला शब्द टाका, असं आम्ही काउंटरवर सांगत असतो.

पन्नास लेखांबद्दल. प्रत्येक ठिकाणचे पहिले ५० आणतो, एकूण किती आहेत तो आकडा शेजारी कंसात असतो. सगळे ओढून आणत बसलो तर समोरचे दार बंद करतील. पबमेडचाच नियम बघा: नोंदणीची चावी नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या, चावी असली तर १०. आणि आणले तरी पबमेडचा पहिला लेख आणि कॅटलॉगचं पहिलं पुस्तक यात वरचढ कोण, हे ठरवणार कसं? दोघांची मापं वेगळी. म्हणून आम्ही निकाल एकत्र कालवत नाही, संग्रहवार ठेवतो.

‘काका, सगळं एकाच ठिकाणी भेटते न?’ असं रोज कोणी ना कोणी विचारतो. भेटते, पण कशासाठी ते महत्त्वाचं. कोणत्या विषयावर कुठे काय पडलं आहे याचा अंदाज घ्यायला ही खिडकी उत्तम. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून घेतलेला आढावा, करायचा असेल तर तिच्यावर विसंबू नका. असा आढावा कसा मांडायचा हे सांगणाऱ्या प्रिस्मा २०२० या नियमावलीनुसार प्रत्येक डेटाबेसमधला पूर्ण शोध, लावलेल्या चाळण्यांसकट, वेगवेगळा द्यावा लागतो. ‘एका खिडकीत शोधलं’ असं लिहिलं तर गाइड वही परत करतील. त्यासाठी पबमेड स्वतंत्र उघडायचं, मेश या पबमेडच्या विषयसंज्ञांच्या यादीतली ‘सिकल सेल ट्रेट’ ही संज्ञा घ्यायची, शोधाची तारीख टिपून ठेवायची.

एकच पुस्तक तीनदा, असं आपण लिहिलंत. त्यातल्या दोन नोंदी वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या आहेत. तिसरीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकच, भरलेला नाही. २००७ पूर्वीचा दहा अंकी आणि नंतरचा तेरा अंकी क्रमांक आमची प्रणाली जुळवून घेते, पण क्रमांकच नसेल तर नुसत्या शीर्षकावरून मी नोंदी एक करू देत नाही. मेडिसिनच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती नवीच्या पोटात गडप झाली आणि कोणी जुन्यातला डोस वाचून गेलं, त्यापेक्षा तीन ओळी जास्त दिसलेल्या पुरवल्या.

गूगल स्कॉलर जरूर वापरा, मीही वापरतो. २००४ पासून आहे, फुकट आहे. पण एका शोधाचे हजारापलीकडचे निकाल ते दाखवत नाही, आणि नागपुरातल्या कोणत्या कॉलेजच्या कोणत्या कपाटात पुस्तक आहे हे सांगत नाही. आमच्याकडे कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, येतो.

राहिला शेजारचा मुलगा. त्याला आम्ही कोणताही पासवर्ड दिला नाही. तो स्वतःच्या संस्थेच्या लॉगिनने आत गेला होता. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना सुरू आहे, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती आहे. आपली संस्था त्यात बसते का, ते आपल्या ग्रंथपालांना विचारा. बसत नसेल आणि कॉलेज डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल, तर लेखाची प्रत त्यांच्यामार्फत मागवता येते. उसना पासवर्ड मात्र आमच्या टेबलवर चालणार नाही, कितीही तारे गेले तरी.

फी परत मिळणार नाही, महिना वापरून झाला आहे. पबमेडचा शोध नीट बसवून घ्यायचा असेल तर दुपारी चारनंतर या, तेव्हा गर्दी नसते. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.