झिरपणार, झिरपणार… पण कधी?

वरच्यांना, म्हणजे श्रीमंतांना नि कंपन्यांना, सवलती द्या, पैसा खाली आपोआप झिरपेल! किती दशकं हेच ऐकायचं? अमेरिकेनं २०१७ मध्ये कायदा करून कंपन्यांचा कर ३५ टक्क्यांवरून थेट २१ वर आणला. घरटी उत्पन्न ४,००० डॉलरनी तरी वाढेल, असं सरकारी अर्थतज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते. झालं काय? २०१८ मध्ये 'एस अँड पी ५००' या अमेरिकी शेअर निर्देशांकातल्या बड्या कंपन्यांनी ८०० अब्ज डॉलरहून जास्त ओतून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. (तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या १९८२ च्या नियमानं ती वाट आधीच मोकळी करून ठेवली होती म्हणा!) बाजारातल्या शेअरची संख्या घटली की नफा जागचा हलला नाही तरी प्रतिशेअर कमाई फुगते. आणि साहेबांचा बोनस अनेकदा कशावर ठरतो? त्याच आकड्यावर! कामगाराला काय? फार तर एकरकमी बक्षिसी, मूळ पगाराला हात न लावता. वाढ मागा, लगेच 'खर्च परवडत नाही'!