रॉय कीन, सायपान आणि बस चुकलेली तीन पोरं

ग्रुपवर दर आठवड्याला रॉय कीनचं, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या कॅप्टनचं आणि आताच्या टीव्हीवरच्या फुटबॉल समीक्षकाचं, एखादं रील येतंच. स्टुडिओत दाढीवाला कीन बसलाय, शेजारचा कुठल्यातरी गोलकीपरच्या सेव्हचं कौतुक करतोय आणि हा थंड चेहऱ्याने म्हणतोय, अरे त्याचं कामच आहे ते. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. आणि त्याखाली ठरलेली कमेंट, "बोलायला काय जातंय, स्वतः मॅनेजर होऊन काय दिवे लावले?"

तर ही पोस्ट त्या कमेंटवाल्यांसाठी. मी मँचेस्टर युनायटेडवाला आहे, निष्पक्ष वगैरे असल्याचा आव आणत नाही. पण "रागीट माणूस, म्हणून मॅनेजर म्हणून फेल" हे जे एका ओळीत उरकलं जातं ना, ते मला पटत नाही. रागीट तर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनपण होता की.

आधी खेळाडू कीन. आयर्लंडमधल्या कॉर्कचा पोरगा, अंगापिंडाने बारीक म्हणून लहानपणी मागे पडलेला, कोव्ह रॅम्बलर्ससारख्या छोट्या क्लबातून १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने ४७ हजार पौंडांत उचलला. फॉरेस्टचा मॅनेजर ब्रायन क्लफने त्याला थेट लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्याच अ‍ॅनफिल्ड मैदानावर उतरवलं. तीन वर्षांनी युनायटेडने त्याच पोराचे पावणेचार मिलियन मोजले, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड. पुढे १९९७ ला आधीचा कॅप्टन कँतोना गेल्यावर कॅप्टन, एकूण सात प्रीमियर लीग, चार एफए कप, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा तर तुरिनवर, म्हणजे इटलीत युव्हेंटसच्या घरी झालेल्या मॅचवर. २१ एप्रिल १९९९, चॅम्पियन्स लीग सेमीफायनलचा दुसरा लेग. पहिला लेग ओल्ड ट्रॅफर्डला १-१ झालेला, आणि इथे अकरा मिनिटांत इन्झागीने दोन गोल टाकून युव्हेंटसला २-० वर नेलेलं. झिदान, डेव्हिड्स, देशाँ समोर, संपलाच विषय. चोविसाव्या मिनिटाला बेकहमचा कॉर्नर, कीन जवळच्या पोस्टकडे धावत येतो आणि हेडर आत. आता गंमत बघा, गोल झाल्यावर सेलिब्रेशन जवळजवळ नाहीच, वळला आणि निघाला परत सेंटरकडे, म्हणजे चला, काम अर्धंच झालंय. मग थोड्या वेळाने ब्लोमक्विस्टच्या एका ढिल्या पासमुळे त्याला झिदानला पाडावं लागलं, पिवळं कार्ड, आणि त्या कार्डाचा अर्थ एकच, पुढच्या मॅचला बंदी, फायनल गेली. आता कुणीही असता तर तिथेच मनातून बसला असता. हा त्यानंतर आणखी जास्त खेळला. मॅच पुन्हा बघा, हायलाइट्स नको, पूर्ण बघा. दर दोन मिनिटांनी कुणाकडून तरी बॉल मागतोय, कुणावर तरी ओरडतोय, आणि ओरडल्यावर स्वतःच धावत जाऊन ते भगदाड बुजवतोय. ३-२ जिंकले. फायनलला बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर हा सुटात बसलेला.

आणि या मॅचचं कौतुक केलेलं त्याला आवडत नाही! पोस्टमनने पत्र टाकलं म्हणून त्याची पाठ थोपटता का, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणालाय. म्हणजे रीलमधलं ते "कामच आहे त्याचं" हे टीव्हीसाठी बसवलेलं नाटक नाहीये, स्वतःलाही तो तोच नियम लावत आलाय.

आता सायपान. २००२ चा वर्ल्डकप, जपान-कोरियाला जायच्या आधी कीन कॅप्टन असलेली आयर्लंडची टीम पॅसिफिकमधल्या या बेटावर थांबली. प्रॅक्टिसचं सामान वेळेवर पोचलेलंच नाही, मैदान पार्किंगसारखं टणक. कीन भडकला, जातो म्हणाला, मग थांबला, मग पेपरला मुलाखत दिली, ती छापून आल्यावर मॅनेजर मिक मॅकार्थीने सगळ्या टीमसमोर त्याला जाब विचारला आणि कीनने सगळ्यांसमोर त्याची जी काही सालटी काढली ती आजही तिकडे दंतकथा आहे. कॅप्टन घरी परत. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम की प्रॅक्टिस क्लब यावरून जशी पेठापेठांत हवा तापते तसा अख्खा देश दोन तुकड्यांत फाटला, पंतप्रधान बर्टी अहर्न मध्यस्थी करायला तयार झाले, एवढं झालं. त्याच्याशिवाय टीम जर्मनीशी बरोबरीत सुटली, सौदीला हरवलं, स्पेनकडून पेनल्टीवर बाहेर पडली.

माझं मत, मुद्दा शंभर टक्के कीनचा बरोबर होता. नंतर त्यांच्याच फेडरेशनने जो जेनेसिस रिपोर्ट करून घेतला त्यात तयारीतल्या त्रुटी स्पष्ट आल्या आणि सेक्रेटरीला राजीनामा द्यावा लागला. पण मुद्दा बरोबर असून तो खोलीतल्या एकाही माणसाला आपल्या बाजूला वळवू शकला नाही. मला वाटतं त्याच्या मॅनेजरकीचा अख्खा इतिहास त्या हॉटेलच्या खोलीत आधीच घडून गेलेला. मैदानावर त्याच्या ओरडण्याला वजन होतं कारण पुढच्या सेकंदाला त्याचेच पाय ते करून दाखवायचे. टचलाइनच्या बाहेर उभा राहिला की पाय गेले, उरले फक्त शब्द. आणि शब्दांनी माणूस सांभाळणं ही वेगळीच कला, ती त्याला कुणी शिकवलीच नाही.

तरी सुरुवात बघा कसली होती. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबच्याच चॅनेलवर सहकाऱ्यांची बिनपाण्याने केल्यावर (ते कधी दाखवलंच नाही) युनायटेडमधून बाहेर, सहा महिने सेल्टिक, रिटायर, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये संडरलँडचा मॅनेजर. बोलावलं कुणी? नायल क्विनने! सायपानला त्याच खोलीत आयर्लंडचा खेळाडू म्हणून होता तो. क्विन आता चेअरमन, तात्पुरता मॅनेजरपण स्वतःच, लीगच्या पहिल्या चारही मॅच हरलेला, वर लीग कपात 'बरी' नावाच्या लहान क्लबकडून मार. आणि त्याआधी या क्लबचा मॅनेजर कोण होता माहितीये? मिक मॅकार्थी. असले योगायोग कुणी सिरीयलमध्ये दाखवले तर आपण चॅनेल बदलू.

कीन आला तेव्हा टीम चॅम्पियनशिपच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनच्या, तळाशी. खेळाडू खरेदीच्या शेवटच्या दिवशी सहा जण घेतले, सिडनीहून जुना दोस्त ड्वाइट यॉर्कपण आणला. डर्बीला पहिली मॅच, मागे पडून २-१ ने जिंकले. मे २००७ मध्ये लूटनला ५-० हाणून ८८ पॉइंट्सवर थेट चॅम्पियन, म्हणजे प्रमोशन, वर प्रीमियर लीगमध्ये. पहिलीच नोकरी, वय पस्तीस, कोचिंगचा अनुभव शून्य. याला फेल म्हणायचं असेल तर म्हणा बाबा.

त्यातली बार्न्सलीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. मार्च २००७, प्रमोशनची रेस ऐन रंगात, बार्न्सलीला बस निघायची वेळ झाली आणि तीन जण आलेले नाहीत. अँथनी स्टोक्स, मार्टन फुलोप, टोबियास हिसेन. बाकी कुणी मॅनेजर काय करेल? दहा मिनिटं थांबेल, आल्यावर झापेल, दंड लावेल. कीनने बस सोडली. तिघे मागे, टीम बार्न्सलीला गेली आणि २-० ने जिंकून आली. आता विचार करा, ती मॅच हरले असते तर हाच किस्सा "बघा, अहंकार" म्हणून सांगितला गेला असता. पण मला यातलं जिंकणं महत्त्वाचं वाटत नाही, बस सुटताना आतल्या पंधरा-वीस जणांच्या चेहऱ्यावर काय असेल ते महत्त्वाचं वाटतं. तिथे त्याला शब्दांची गरजच पडली नाही, ड्रायव्हरला "चल" म्हटलं आणि विषय संपला.

गडबड पुढच्या दोन वर्षांत झाली. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या सीझनला पंधरावे, तेही ठीक, पण एव्हर्टनकडून ७-१ खाल्ले त्याच सीझनला. क्रेग गॉर्डनसाठी नऊ मिलियन, तेव्हाचा ब्रिटनमधला गोलकीपरचा रेकॉर्ड. मग २००८ ला शिंबोंडा, मालब्रांक, तैनियो, सिसे, दिऊफ, अँटन फर्डिनंड, नुसती जत्रा. एवढी माणसं एकदम आणली की एकमेकांची नावं पाठ होईपर्यंत डिसेंबर येतो. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकॅसलला घरच्या मैदानावर हरवलं, तिकडे २८ वर्षांनी घडलेली गोष्ट, तो दिवस त्या शहरात दिवाळीच असणार. आणि तरी बोल्टनकडून घरी १-४ झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेब गेले. नवा मालक एलिस शॉर्ट आणि याचं जमणं शक्यच नव्हतं. कीन राहायला मँचेस्टरच्या बाजूला आणि क्लब ईशान्येला, मालकाला तेपण खटकायचं.

त्याच्या पुढच्या क्लबबद्दल, इप्सविचबद्दल, बचाव करायला माझ्याकडे फार काही नाही. २००९ मध्ये गेला, पुढच्या सीझनला लीगमधला पहिला विजय यायला ऑक्टोबर संपत आला, जॉर्डन ऱ्होड्सला हडर्सफील्डला विकलं आणि तो तिकडे खोऱ्याने गोल करत बसला. जानेवारी २०११ ला डच्चू. आणि काही काळाने त्याच इप्सविचला कोण आलं? परत मिक मॅकार्थी, आणि त्याने फुटक्या बजेटमध्ये टीम २०१५ ला प्रमोशनच्या प्लेऑफपर्यंत नेली. खेळाडू म्हणून मॅकार्थी कीनच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मध्यम कुवतीच्या माणसाकडून मध्यम कुवतीचं काम रोजच्या रोज काढून घ्यायचं, त्याच्यावर वैतागायचं नाही, हे त्याला जमायचं. हे लिहिताना युनायटेडवाला म्हणून जीवावर येतंय, पण सायपानमधला पराभूत माणूस या खेळात पुढे निघून गेला.

मार्टिन ओ'नीलच्या हाताखाली आयर्लंडचा असिस्टंट म्हणून पाच वर्षं मात्र बरी गेली, जर्मनीला हरवलं, २०१६ च्या युरोत लीलला रॉबी ब्रेडीच्या हेडरवर इटलीला हरवलं. शेवटी शेवटी खेळाडूंशी खटके उडाले, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ फिरला, मग व्हायचं तेच झालं.

२०२२ च्या फेब्रुवारीत त्याच संडरलँडने, तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पडलेल्या, त्याच्याशी परत बोलणी केली होती. जमलं नाही. अ‍ॅलेक्स नील आला आणि तीन महिन्यांत वेम्बलीवर प्रमोशन घेऊन गेला. लोक म्हणाले बरं झालं. मला अजूनही वाटतं कीनने जायला हवं होतं, पन्नाशीतला कीन, स्टुडिओत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघून झालेला, कदाचित दहा मिनिटं बस थांबवणारा.

असो. सायपानवरून भांडायचं असेल तर कमेंट्स उघड्या आहेत, फक्त "कॅप्टनने देशाला वाऱ्यावर सोडलं" एवढंच लिहून पळू नका, बॉल आणि सामान वेळेवर का पोचलं नव्हतं त्याचंही उत्तर घेऊन या.