दाताखाली ‘कट्’ वाजलं म्हणजे दाणा वाळला का?

धान्य आणि बियाणं वर्षानुवर्षं टिकवण्याची पद्धत सांगणारा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. थोडक्यात तो असा: दाणा दातांनी फोडा, ‘कट्’ असा आवाज आला की तो वाळला. वाळवताना कडकडीत ऊन द्या, जितकं तापेल तितकं चांगलं. मग हवाबंद डब्यात भरा. कीड बाहेरून येते, त्यामुळे झाकण घट्ट असलं की काळजी मिटली. बुरशी दिसलीच तर पुन्हा ऊन दाखवा. आणि पेरायचं बी पाण्यात टाकून बघा, बुडालं ते जिवंत, तरंगलं ते मेलेलं.

यातल्या प्रत्येक सूचनेत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती लोकांना पटते. पण त्या जशाच्या तशा पाळल्या तर खायचं धान्य विषारी होऊ शकतं आणि पेरायचं बी मरू शकतं. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘दाताखाली कट् वाजला की दाणा वाळला’

दात कडकपणा सांगतात, ओल सांगत नाहीत. ओल कमी झाली की दाणा कडक होतो हे खरं. पण कडकपणा पिकावर, वाणावर आणि दाणा वरूनच वाळलाय की आतूनही, यावरही ठरतो. उन्हातून नुकताच उचललेला मका बाहेरून कोरडा आणि गाभ्यात ओला असतो. तो दाताखाली छान वाजतो. रात्रभर झाकून ठेवला की गाभ्यातली ओल बाहेरच्या थरात उतरते आणि सकाळी तोच दाणा मऊ लागतो. १८ टक्के आणि १२ टक्के ओलीतला फरक सरावलेला माणूस दातांनी ओळखेल. १५ आणि १३ मधला ओळखणं फार अवघड, आणि साठवणीतलं धान्य राहणार की जाणार हे नेमकं त्या दोन टक्क्यांत ठरतं.

बुरशीला दाण्यात एकूण पाणी किती आहे याच्याशी कर्तव्य नसतं. त्यातलं किती तिला वापरता येतं, एवढंच तिच्यासाठी महत्त्वाचं. बंद भांड्यात धान्य ठेवलं की दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता एका आकड्यावर स्थिरावते. तो आकडा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर साठवणीतल्या बुरशा जवळजवळ वाढत नाहीत. ७० च्या पुढे त्या हळूहळू हातपाय पसरतात, ८० च्या पुढे झपाट्याने. आता हे पाहा: २५ अंश सेल्सियसला ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिरावलेल्या गव्हात साधारण १४ टक्के ओल असते, शेंगदाण्यात फक्त ७ ते ८ टक्के. तेल पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तेलबियांतलं थोडंसं पाणीही बुरशीच्या हाती लागतं. १२ टक्के ओलीचा गहू निर्धास्त ठेवता येतो. १२ टक्के ओलीचा शेंगदाणा ठेवला तर बुरशी ठरलेली. हा फरक कुठल्याही दातांना कळणार नाही.

मग मोजायचं कसं? प्रयोगशाळेतली प्रमाण पद्धत ओव्हनची. नमुना वजन करून तापवायचा, पुन्हा वजन करायचं आणि जेवढं घटलं तेवढं पाणी धरायचं. आंतरराष्ट्रीय बियाणे परीक्षण संघटनेच्या नियमांप्रमाणे दळलेला मका १३० ते १३३ अंशांवर ४ तास ठेवतात, इतर तृणधान्यं २ तास. तेलबियांना मात्र १०३ अंशांच्या आसपास सुमारे १७ तास लागतात, कारण जास्त तापवलं तर पाण्याखेरीज इतर घटकही उडतात आणि पाण्यातच मोजले जातात. हिशेबातही एक चूक सर्रास होते. २० टक्के ओलीचं १०० किलो धान्य १४ टक्क्यांवर आणलं की ९४ किलो उरेल असं वाटतं. उरतं ९३ किलो, कारण कोरडा भाग ८० किलोच राहतो आणि ते नव्या वजनाचे ८६ टक्के असतात.

हातातला ओलावा मीटर सोयीचा आहे, पण बहुतेक मीटर पाणी थेट मोजत नाहीत. ते धान्याचा विद्युतगुण मोजतात आणि त्यावरून ओलीचा आकडा काढतात. म्हणून प्रत्येक धान्यासाठी मीटरवर वेगळी सेटिंग निवडावी लागते, आणि गरम धान्यावर किंवा नुकत्याच वाळवलेल्या धान्यावर घेतलेला आकडा फसवतो. दाणे थंड होऊ द्यावेत, ओल आतबाहेर सारखी होऊ द्यावी, मगच मोजावं. नमुना ढिगाच्या वरून एक मूठ उचलून घेऊ नये. वरून, मधून, तळातून, कडेने घेऊन मिसळावा.

मीटर नसेल तर काचेची पूर्ण कोरडी बरणी घ्या, तिच्यात धान्य आणि थोडं कोरडं मीठ घाला, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर तृणधान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे. यामागचं कारण सरळ आहे: हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. पण याच कारणाने ही परीक्षा एकतर्फी आहे. मीठ चिकटलं तर धान्य नक्की ओलं. मीठ मोकळं राहिलं तर आर्द्रता ७५ च्या खाली आहे एवढंच कळतं, आणि आपल्याला हवी आहे ६५. त्यासाठी साधा डिजिटल आर्द्रतामापक धान्याने भरलेल्या बंद बरणीत ठेवावा आणि आकडा हलायचा थांबला की वाचावा. मापक खरा बोलतो का हेही मिठानेच तपासता येतं: बंद डब्यात ओलसर मिठाच्या लगद्याशेजारी ठेवल्यावर त्याने ७५ च्या आसपास दाखवलं पाहिजे. मला स्वतःला घरगुती साठवणीसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती पीक कुठलंही असो, एकाच आकड्यावर निर्णय देते.

‘जितकं कडक ऊन, तितकं चांगलं’

उष्णता ओल घालवते ती मुख्यतः हवेला कोरडं करून. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती पाणी ओढायला तयार होते. तीच हवा न तापवता दिवसभर फिरवली तरी भातासारखं धान्य १५ टक्क्यांच्या खाली जाणं कठीण. म्हणजे ऊब हवीच. प्रश्न किती, हा आहे.

खायच्या धान्याला आणि बियाण्याला एकच उत्तर देता येत नाही, आणि संदेश नेमकं तेच देतो. बी जिवंत असतं. त्यातही ओलं बी उष्णतेला जास्त हळवं असतं. हॅरिंग्टन आणि डग्लस या बियाणे-तज्ज्ञांनी घालून दिलेली वाळवण्याच्या तापमानाची मर्यादा बियाण्याच्या क्षेत्रात अजून वापरली जाते: ओल १८ टक्क्यांच्या वर असेल तर ३२ अंश, १० ते १८ असेल तर ३७, आणि त्याखाली ४३. आता भर उन्हात डांबरी रस्त्यावर किंवा काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरलेल्या बियांचा विचार करा. डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. तिथे ओलं बी टाकलं तर ते सुंदर वाळेल, दाताखाली वाजेल आणि पेरल्यावर उगवणार नाही. पेरायचं बी सावलीत, खेळत्या हवेत, हलक्या रंगाच्या ताडपत्रीवर किंवा जाळीवर वाळवावं आणि पुनःपुन्हा उलथावं.

खायच्या धान्यालाही घाई सोसत नाही. भाताचा दाणा झपाट्याने वाळला की बाहेरचा थर आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि ताणाने दाण्याला चिरा पडतात. गिरणीत त्याची कणी होते. वाळलेलं भात रात्री उघडं राहून दवाने भिजलं तरी चिरा पडतात. कोरडा दाणा अचानक पाणी प्यायला की तो फुटतो. म्हणून संध्याकाळी गोळा करून झाकणं हे दिवसा ऊन देण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

‘कीड बाहेरून येते, झाकण घट्ट असलं की झालं’

कीड बहुतेक वेळा आधीच आत असते. सोंडकिड्याची मादी दाण्याला छिद्र पाडते, आत अंडं घालते आणि छिद्र चिकट स्रावाने बुजवते. डोळ्यांना तो दाणा निरोगीच दिसतो. कडधान्यातला भुंगेरा शेतात शेंगेवरच अंडी घालतो. तुम्ही झाकण लावता ते या सगळ्यांना आत घेऊन.

तरीही हवाबंद साठवण उत्तम आहे, फक्त वेगळ्या कारणाने. आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, मग खाणं थांबवतात आणि मरतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांच्या पिशव्यांची जी पद्धत विकसित केली, ती याच तत्त्वावर चालते. पण मग भांडं काठोकाठ भरलेलं हवं, आणि सुरुवातीचे काही आठवडे न उघडलेलं हवं. अर्धा रिकामा डबा रोज उघडला तर किड्यांना रोज ताजी हवा मिळते.

ओलं धान्य हवाबंद केलं तर परिस्थिती उलटी होते. दाणा आणि बुरशी दोघं श्वास घेतात, त्यातून पाणी आणि उष्णता तयार होते, ओल आणखी वाढते, प्राणवायू संपला की धान्य आंबतं आणि बी मरतं. पत्र्याच्या मोठ्या कोठीत आणखी एक गोष्ट घडते: बाहेर थंडी पडली की आतली उबदार हवा वर चढते, थंड छताला लागते, तिथे पाणी सुटतं आणि वरचा थर कुजतो. खालचं धान्य कोरडं असूनही.

काही जण याच संदेशाला ‘डब्यात एक गोळी टाका’ अशी जोड देतात. कृपया हे कधीही करू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूवर उतारा नाही. राहत्या घरात ठेवलेल्या गोळ्यांनी झोपेतली माणसं मेली आहेत, लहान मुलं मेली आहेत. हे काम प्रशिक्षित माणसांचं आणि वस्तीपासून दूर असलेल्या गोदामांचं आहे.

‘बुरशी आली तर पुन्हा ऊन दाखवा’

सगळ्यांत घातक सूचना ही. ऊन बुरशीला मारू शकतं, तिचा दृश्य थर उडवू शकतं. तिने दाण्यात सोडलेलं विष तिथेच राहतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि शोध घेतल्यावर त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचं विष सापडलं. तेच अफ्लाटॉक्सिन. ते यकृताचा कर्करोग घडवतं हे सिद्ध आहे. ते २५० अंशांच्या आसपास जाईपर्यंत नीट मोडत नाही, त्यामुळे उकळून किंवा शिजवून ते जात नाही.

‘थोडीच बुरशी आहे, वेचून टाकली’ हेही पुरेसं नाही. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत फार मोठ्या प्रमाणात असू शकतं, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही. बुरसटलेला, काळवंडलेला, सुरकुतलेला, कुबट वासाचा माल माणसांनी खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये. दुभत्या जनावराने खाल्लेल्या विषाचा अंश दुधात उतरतो.

‘बुडालं ते जिवंत, तरंगलं ते मेलेलं’

पाणी दाण्याची घनता सांगतं. पोकळ, किडीने पोखरलेले, न भरलेले दाणे तरंगतात, त्यामुळे काही पिकांत हलका माल वेगळा करायला ही युक्ती उपयोगी आहे. पण उष्णतेने किंवा वयाने मेलेलं बी पूर्ण भरलेलं असतं आणि खुशाल बुडतं. उलट सूर्यफुलासारख्या बियांच्या टरफलात हवा असते, त्यामुळे चांगलं बीही तरंगतं. शिवाय साठवायचं बी भिजवून तपासलं म्हणजे आधी वाळवण्याची सगळी मेहनत वाया.

जिवंतपणा तपासायचा तर उगवण तपासावी. ढिगातून सरमिसळ करून १०० बिया घ्या, ओलसर कागदात गुंडाळा, पिकाला लागतील तेवढे दिवस उबदार जागी ठेवा आणि निरोगी रोपं मोजा. प्रयोगशाळा ४०० बिया घेतात. दहा बियांवरून निष्कर्ष काढू नये. दहापैकी नऊ उगवल्या तरी खरी उगवण ७० टक्केही असू शकते.

बी किती टिकेल याचा अंदाज बांधायला हॅरिंग्टनचा नियम आहे: ५ ते १४ टक्क्यांच्या टप्प्यात ओल १ टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे १४ वरून १० टक्क्यांवर आणलेलं बी साधारण सोळापट टिकतं. पिकांचं बी दीर्घकाळ जपून ठेवणाऱ्या जनुकपेढ्या हेच टोकाला नेतात. २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उघडलेल्या जागतिक बीजकोठारात वाळवलेलं बी उणे १८ अंशांना ठेवलं जातं. पण ओलं बी गोठवलं तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात, म्हणून आधी वाळवणं आणि मग थंडी, हा क्रम बदलता येत नाही. आणि आंबा, फणस, कोको, रबर यांचं बी मुळातच वाळवायचं नसतं. ते कोरडं पडलं की मरतं, त्यामुळे ताजंच लावावं लागतं.

फ्रीजमध्ये बी ठेवलं असेल तर बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या. नाहीतर हवेतलं पाणी थंड बियांवर सुटतं आणि उरलेलं बी परत आत जातं ते ओलं होऊन.